हिब्रू शब्दांचे ‘दडलेले अर्थ’ आणि स्तोत्रसंहितेवरचा अन्याय

१/
‘मूळ हिब्रूत या शब्दाचा खरा अर्थ काही वेगळाच आहे’ असे म्हणत सुरू होणारी चिंतने समाजमाध्यमांवर रोज नव्याने उगवतात. बायबलमधील एखादे स्तोत्र घ्यायचे, त्यातला एक शब्द उचलायचा, त्याचा धातू शोधायचा, धातूतून एक मनोहर चित्र काढायचे आणि हेच शतकानुशतके दडून राहिलेले रहस्य, असे जाहीर करायचे. हा धागा त्या पद्धतीविरुद्ध आहे. भाविकांच्या भक्तीशी माझे भांडण नाही. भक्तीला इतिहासाचा खोटा शिक्का मारून बाजारात आणण्याशी आहे.

२/
आधी पाया घालू. स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रे आहेत, पाच भागांत रचलेली. अनेकांच्या शिरोभागी दाविदाचे नाव आहे, पण आसाफ आणि कोरहाचे वंशज या गायक-घराण्यांचीही नावे आहेत. ९० व्या स्तोत्रावर मोशेचे नाव आहे. १३७ वे स्तोत्र बाबिलोनच्या हद्दपारीची आठवण सांगते, म्हणजे ते यरुशलेमच्या इ. स. पू. ५८६ च्या सुमाराच्या पाडावानंतरचे. कित्येक शतकांच्या, कित्येक कवींच्या या संग्रहात एखाद्या शब्दाला एकच कायमचा ‘गुप्त अर्थ’ असेल, ही कल्पना इथेच डळमळू लागते.

३/
आता सर्वांत लाडका शब्द : ‘सेला’. स्तोत्रांत तो ७१ वेळा येतो आणि हबक्कूकच्या पुस्तकात आणखी ३ वेळा. लोकप्रिय चिंतने ठामपणे सांगतात : ‘सेला म्हणजे थांबा, श्वास घ्या, मनन करा.’ सल्ला उत्तम आहे. पुरावा मात्र शून्य. ६८ व्या स्तोत्रात हा शब्द वाक्याच्या मधोमध येतो : देव अरण्यातून चालला तेव्हा — सेला — पृथ्वी कापली. वाक्य पुरे होण्याआधीच मनन कशाचे करायचे? उलट ३, ९, २४ आणि ४६ या स्तोत्रांच्या अगदी शेवटी तो येतो. तिथे गाणेच संपलेले असते, मग थांबण्याची वेगळी आज्ञा कशाला?

४/
प्राचीनांनाही हा शब्द अडला होता. इ. स. पूर्व काळात अलेक्झांड्रियाच्या परंपरेतून झालेल्या ग्रीक भाषांतराने त्यासाठी ‘डायाप्साल्मा’ हा संगीताशी जोडलेला शब्द वापरला. अरामी भाषांतराने ‘सदासर्वकाळ’ असा अर्थ केला. मार्सेला या रोमन विदुषीच्या प्रश्नाला उत्तर देताना जेरोमने चौथ्या शतकात यावर एक अख्खे पत्र लिहिले, आणि हिब्रूवरून केलेल्या लॅटिन भाषांतरात ‘नित्य’ या अर्थाचा शब्द स्वीकारला. स्तोत्रे मंदिरात गायिली जात होती त्या काळाच्या इतके जवळ असलेले विद्वान जिथे एकमत होऊ शकले नाहीत, तिथे आजचे भित्तिपत्रक निःशंक आहे!

५/
दुसरा शब्द : ‘हागा’. पहिल्याच स्तोत्रात धन्य पुरुष रात्रंदिवस देवाच्या नियमशास्त्राशी जे करतो, त्याचे हे क्रियापद. भाषांतरात ‘मनन’ येते. त्यावर चिंतनकार सांगतात की यशयाच्या पुस्तकात हेच क्रियापद शिकारीवर गुरगुरणाऱ्या सिंहासाठी आले आहे, म्हणून वचन वाचताना आपण भुकेल्या सिंहासारखे त्यावर तुटून पडावे. यशया ३१:४ मधला सिंह खरा आहे. पण त्याच यशयात, ३८:१४ मध्ये, हेच क्रियापद कण्हणाऱ्या पारव्यासाठीही आहे. मग भाविकाने सिंह व्हायचे की पारवा? निवड शब्दाने केलेली नाही, चिंतनकाराने केली आहे.

६/
याहून मोठा पेच पुढच्याच पानावर आहे. दुसऱ्या स्तोत्राच्या पहिल्या ओळीत राष्ट्रे देवाविरुद्ध जी व्यर्थ कुजबुज करतात, तिलाही ‘हागा’च म्हटले आहे. एकाच क्रियापदाने सज्जनाचे पठण आणि बंडखोरांचे कारस्थान! त्या शब्दात पावित्र्य मुरलेले असते तर हे शक्य झाले नसते. साधा अर्थ एवढाच : ओठांतल्या ओठांत, खालच्या सुरात आवाज काढणे. मराठीत पुटपुटणे म्हणा, घोकणे म्हणा. प्राचीन काळी वाचन प्रायः आवाजी असे. पहिल्या स्तोत्रातला माणूस डोळे मिटून ध्यान लावत नाही, तो पाठ घोकतो आहे. हे चित्र सिंहाइतके दिमाखदार नसेल, पण ते त्या काळातले आहे.

७/
मुळातली चूक कोणती? शब्दाचा धातू म्हणजेच शब्दाचा खरा अर्थ, हे गृहीतक. ते आपल्याच भाषेवर लावून पाहा. ‘तुरुंग’ हा शब्द पोर्तुगीज ‘त्रोंको’वरून आला असे मानतात, त्याचा मूळ अर्थ झाडाचे खोड, पुढे कैद्याचे पाय अडकवण्याचा लाकडी खोडा. म्हणून मराठी माणूस ‘तुरुंग’ म्हणताना वृक्षाचे स्मरण करतो काय? ‘प्रवीण’ म्हणजे मुळात वीणावादनात निपुण. मग प्रवीण सुताराच्या हातात आपण वीणा शोधतो काय? शब्दाचा जन्म ही एक गोष्ट आणि त्याचा संसार ही दुसरी.

८/
भारतीय शास्त्रकारांनी हा भेद फार पूर्वी स्वच्छ मांडला आहे. अवयवांवरून अर्थ लागतो तो यौगिक शब्द, लोकव्यवहाराने ठरतो तो रूढ, आणि दोन्ही जुळतात तो योगरूढ. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त याच चर्चेसाठी ‘कुशल’ शब्द घेतला : अवयवार्थ कुश नावाचे गवत तोडणारा, रूढार्थ निपुण. आणि नियम असा की योग आणि रूढी यांत झगडा झाला तर रूढी बलवान. आपल्या परंपरेत ज्याला हे ठाऊक आहे, त्याने हिब्रूच्या दारात पाऊल टाकताच ते विसरावे, याचे मला नवल वाटते.

९/
पाश्चात्त्य बायबल-अभ्यासात हा धडा उशिरा गिरवला गेला. १९५० च्या दशकात नॉर्वेजियन विद्वान थोरलीफ बोमान याच्यासारख्या अभ्यासकांनी हिब्रू मन गतिमान आणि ग्रीक मन स्थिर, अशी मांडणी करून तिचा पुरावा व्याकरणात आणि शब्दांत शोधला. १९६१ मध्ये स्कॉटिश विद्वान जेम्स बार याने ‘द सिमॅन्टिक्स ऑफ बिब्लिकल लँग्वेज’ या ग्रंथात ही इमारत पाडली. अर्थ वाक्यात असतो, सुट्या शब्दात नव्हे. आणि एका शब्दाचे सर्व ठिकाणचे सर्व अर्थ गोळा करून एकाच ओळीत ओतणे बेकायदा आहे, हे त्याचे मुख्य आरोप. आज प्रसृत होणारी बहुतेक ‘शब्द-रहस्ये’ त्या पाडलेल्या इमारतीच्या विटांनी बांधलेली आहेत.

१०/
उदाहरण पाहा : ‘रहमीम’, म्हणजे करुणा. तोच धातू ‘रेहेम’ या शब्दात आहे आणि त्याचा अर्थ गर्भाशय. नाते नाकारण्याचे कारण नाही. फिलिस ट्रिबल या विदुषीने १९७८ च्या आपल्या ग्रंथात या नात्यावर गंभीर साहित्यिक विवेचन केले आहे; ते वाचनीय आहे. पण त्यातून ‘हिब्रूत करुणा म्हटले की ऐकणाऱ्याला आईचे उदरच दिसे’ असा सरसकट निष्कर्ष निघत नाही. १०३ व्या स्तोत्रात हेच क्रियापद बापाला लावले आहे : पिता लेकरांवर करुणा करतो तशी देव करतो. कवीने आई म्हटलेले नाही. कवीचे शब्द बाजूला सारून धातूचे ऐकायचे, ही कसली शब्दनिष्ठा?

११/
‘हेसेद’ची कथा आणखी उद्बोधक आहे. हा शब्द स्तोत्रांत शंभराहून अधिक वेळा येतो. ग्रीकने त्याला ‘दया’ केले, लॅटिननेही तेच. १५३५ मध्ये माइल्स कव्हरडेलने इंग्रजीत ‘लव्हिंगकाइंडनेस’ हा नवाच जोडशब्द घडवला. आज चिंतने म्हणतात : हेसेद म्हणजे निरपेक्ष, बिनशर्त प्रेम. आता यहोशवाच्या पुस्तकातील राहाब पाहा. हेरांना लपवून ती म्हणते, मी तुमच्याशी हेसेदने वागले, तुम्हीही माझ्या घराण्याशी तसेच वागा, आणि वर शपथ मागते. हे बिनशर्त आहे काय? नेल्सन ग्लुक याने १९२७ मध्ये या शब्दावर प्रबंध लिहून परस्पर बांधिलकीचा हा पैलू पुढे आणला. नंतरच्या अभ्यासकांनी त्याच्या मांडणीला मुरड घातली. पण तो पैलू कोणी पुसून टाकलेला नाही.

१२/
१३६ वे स्तोत्र उघडा. २६ कडवी, आणि प्रत्येकाच्या शेवटी देवाची हेसेद सनातन असल्याचे पालुपद. सूर्यचंद्र घडवले, पालुपद. मिसरचे प्रथमजात मारले, पालुपद. फारो समुद्रात बुडाला, सीहोन आणि ओग हे राजे मारले गेले, पुन्हा तेच पालुपद. ‘निरपेक्ष प्रेम’ या गुळगुळीत अर्थात या ओळी बसत नाहीत. इथे हेसेद म्हणजे आपल्या माणसांना दिलेल्या शब्दाला जागणे, आणि त्याची किंमत दुसरा कोणी मोजतो. हे अस्वस्थ करणारे आहे. तरुण वाचकाला ते सांगितले पाहिजे. गोड शब्दाखाली पुरून ठेवता कामा नये. आणि लेवीय २०:१७ मध्ये याच अक्षरांचा ‘हेसेद’ चक्क लाजिरवाणे कृत्य या अर्थाने येतो. धातूच सर्व सांगतो म्हणणाऱ्यांनी तो सोडवून दाखवावा.

१३/
आता या उद्योगाचे सर्वांत नवे रूप : अक्षर-चित्रे. ‘आलेफ म्हणजे बैल, म्हणजे बळ, बेत म्हणजे घर, म्हणून आव (बाप) म्हणजे घराचे बळ.’ ऐकायला किती छान! लिपीचा इतिहास मात्र काय सांगतो? सिनायमधील सेराबीत अल-खादिम येथील कोरीव लेख फ्लिंडर्स पेट्री याला १९०५ मध्ये मिळाले. १९१६ मध्ये ॲलन गार्डिनर याने त्यांतील काही चिन्हे उलगडली. बैलाचे डोके हे चिन्ह बैलासाठी नव्हते, तर बैलवाचक शब्दाच्या पहिल्या ध्वनीसाठी होते. चित्राने आपला अर्थ सोडला आणि केवळ ध्वनी उरला, हीच तर वर्णमालेची क्रांती! शब्द-रहस्यवाले त्या शोधाचीच चाके उलटी फिरवतात.

१४/
एक साधा पुरावा पुरेसा आहे. बापासाठी अक्कादी भाषेत ‘अबू’ हा शब्द आहे, हिब्रू ‘आव’चा सख्खा भाऊ. अक्कादी भाषा मातीच्या विटांवर कीलाकार लिपीत लिहिली जात होती, सिनायमधल्या त्या लेखांच्याही शतकानुशतके आधी. त्या लिपीत ना आलेफचा बैल, ना बेतचे घर. म्हणजे शब्द आधी जन्मला, अक्षरे नंतर आली. मुलाच्या बारशाला छापलेल्या पत्रिकेवरून त्याच्या आजोबांच्या जन्माचे कारण शोधावे, तसा हा प्रकार आहे.

१५/
इथे आक्षेप येईल : ‘मग शब्दावर चिंतन करूच नये काय?’ जरूर करावे, आणि कसे करावे याचा वस्तुपाठही आहे. १४५ वे स्तोत्र वर्णानुक्रमी आहे. प्रत्येक ओळ पुढच्या अक्षराने सुरू होते. पण प्रचलित हिब्रू पाठात ‘नून’ अक्षराची ओळच नाही. तालमूदमध्ये रब्बी योहानान कारण सांगतात : आमोसच्या पुस्तकात इस्राएलच्या पतनाचे वचन नूनने सुरू होते, म्हणून ते अक्षर वगळले. त्यावर रब्बी नहमान बर इत्झहाक जोड देतात : पुढचीच ओळ, सामेख अक्षराची, पडणाऱ्यांना देव सावरतो असे सांगते. अक्षराच्या अभावातून पतन आणि उद्धार वाचणारे हे चिंतन किती हृद्य आहे!

१६/
पुढे काय झाले ते पाहा. १९५६ मध्ये मृत समुद्राजवळ कुमरानच्या अकराव्या गुहेत स्तोत्रांची एक मोठी गुंडाळी सापडली. जेम्स सँडर्स याने तिचे संपादन करून ती १९६५ मध्ये प्रसिद्ध केली. तीत नूनची ओळ आहे! देव आपल्या वचनांशी विश्वासू आहे, या आशयाची. ग्रीक आणि सिरियाक भाषांतरांतही ती आधीपासून होतीच. मूळची ओळ नकलताना गळली, की रिकामी जागा पाहून कोणी मागाहून भरली, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण कवीने ती हेतुपूर्वक वगळली, हे गृहीत धरून आता इतिहास लिहिता येत नाही.

१७/
म्हणून रब्बींचे चिंतन खोटे ठरले काय? मुळीच नाही, कारण त्याने हस्तलिखिताचा इतिहास सांगण्याचा दावा केलेला नव्हता. यहुदी परंपरेत ‘पेशात’ म्हणजे सरळार्थ आणि ‘देराश’ म्हणजे शोधून काढलेला बोधार्थ, असे दोन वेगळे वहीखाते आहेत. आणि कितीही बोध काढला तरी वचन आपला सरळार्थ सोडत नाही, असा दंडक तालमूदमध्येच आहे. बाराव्या शतकातील अब्राहाम इब्न एझ्रा याच्यासारख्या भाष्यकाराने व्याकरणाच्या बळावर हा सरळार्थ जपला. आजची ‘शब्द-रहस्ये’ देराशचा माल पेशातच्या वह्यांत नोंदवतात. माझा आरोप एवढाच, आणि तो लहान नाही.

१८/
ख्रिस्ती परंपरेतही उदाहरण आहे. ऑगस्टिनला हिब्रू येत नव्हते. तरीही सर्व १५० स्तोत्रांवर त्याची प्रवचने आहेत आणि दीड हजार वर्षे ती वाचली जात आहेत. उलट जेरोमने बेथलेहेममध्ये यहुदी शिक्षकाकडे बसून कष्टाने हिब्रू आत्मसात केली, स्तोत्रांचे हिब्रूवरून भाषांतर केले. पण पश्चिमेकडील उपासनेत टिकले ते ग्रीकवरून झालेले जुने, ओठांवर रुळलेले लॅटिन पाठच. तात्पर्य असे की भक्तीला हिब्रूच्या प्रमाणपत्राची गरज कधीच नव्हती. मग ते खोटे प्रमाणपत्र छापण्याची आजच घाई का?

१९/
‘असेना का चूक, कोणाचे काय बिघडते?’ बिघडते. इतिहासात फार बिघडले आहे. दुसऱ्या शतकात जस्टिनने ‘ट्रायफोशी संवाद’ या ग्रंथात यहुद्यांवर आरोप केला की त्यांनी स्वतःच्या ग्रंथातून वचने काढून टाकली. त्यांत ९६ व्या स्तोत्रातील ‘वृक्षावरून’ हा शब्दही होता, कारण तो त्याला वधस्तंभाचे भाकीत वाटत होता. वस्तुतः तो शब्द हिब्रू पाठात नाही. ती ख्रिस्ती हातांनी झालेली भर आहे. आपल्याला हवा तो अर्थ मूळ ग्रंथात सापडला नाही, म्हणून ग्रंथ सांभाळणाऱ्यांनाच चोर ठरवले गेले.

२०/
१२६३ मध्ये बार्सेलोनाला आरागॉनच्या राजासमोर रब्बी मोशे बेन नहमान यांना सक्तीच्या वादात उभे केले गेले. त्यात ११० व्या स्तोत्राच्या आरंभीचा ‘अदोनी’, म्हणजे ‘माझा स्वामी’, हा शब्दही आला. विरोधकांनी त्यात ख्रिस्त वाचला. रब्बींनी सरळार्थ मांडला : हे स्तोत्र दाविदाने लेवी गायकांनी गावे म्हणून रचले, तेव्हा गायकांचा ‘स्वामी’ म्हणजे दावीदच. पुढे या वादाचा वृत्तान्त लिहिल्याबद्दल त्यांच्यावर कारवाई झाली आणि वृद्धापकाळी देश सोडावा लागला. दुसऱ्याच्या प्रार्थनेचा ‘खरा अर्थ’ ठरवण्याचा अधिकार सत्तेच्या हाती जातो, तेव्हा शब्दार्थ हा निरुपद्रवी छंद राहत नाही.

२१/
मग हिब्रू शिकून काही हाती लागते की नाही? भरपूर लागते. ६९ व्या स्तोत्रात बुडणारा माणूस म्हणतो की पाणी माझ्या ‘नेफेश’पर्यंत चढले. जुनी भाषांतरे इथे ‘आत्मा’ म्हणतात, आणि आत्म्यापर्यंत पाणी कसे चढते ते कळत नाही. १९२९ पासून सीरियाच्या किनाऱ्यावर उगारितच्या उत्खननात मिळालेल्या लेखांत याच शब्दाचा सजातीय ‘घसा’ या अर्थाने आढळतो, अक्कादीतही तसेच. आता ओळ उजळते : पाणी गळ्याशी आले आहे. आपण ‘प्राण कंठाशी आले’ म्हणतो, त्या अनुभवाच्या हे अगदी जवळचे. पण लक्षात घ्या, इथे निर्णय ‘पाणी’ आणि ‘चढणे’ या शेजाऱ्यांनी दिला. गणना ६:६ मध्ये हाच नेफेश प्रेताच्या संदर्भात येतो. तिथे घसा चालणार नाही.

२२/
महाराष्ट्राला हा विषय परका नाही. कोकणातील बेने इस्राएल समाजाचे मुंबईतील पहिले सभास्थान १७९६ मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी उभारले. त्याचे नाव ‘शाआर हारहमीम’, दयेचे द्वार. वर चर्चिलेला तोच शब्द! जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरणाची प्राथमिक पुस्तिका काढली. आणि पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये उतारवयात हिब्रू-ग्रीकचा अभ्यास करून अख्ख्या बायबलचे मराठी भाषांतर केले; त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये ते प्रसिद्ध झाले. त्यांची श्रद्धा कोणाहून कमी नव्हती. पण त्यांनी कोशाचे एक पान उघडून रहस्य जाहीर केले नाही. व्याकरणाचा दगड वर्षानुवर्षे फोडला.

२३/
मित्रहो, पुढे असे चिंतन दिसले की तीन प्रश्न विचारा.
एक : हा अर्थ त्या ओळीतल्या शेजारच्या शब्दांशी जुळतो की केवळ धातूशी?
दोन : हाच शब्द इतरत्र, विशेषतः अडचणीच्या जागी, कसा वापरला आहे? लेखकाने ती जागा दाखवली की लपवली?
तीन : लेखक ‘मला इथे असे जाणवते’ म्हणतो की ‘मूळ हिब्रूत असेच आहे’ म्हणतो? पहिले म्हणत असेल तर आदराने ऐका. दुसरे म्हणत असेल तर पुरावा मागा.

२४/
हे प्रश्न हिब्रूपुरते ठेवू नका. गावांच्या नावांची, देवतांच्या नावांची, संस्कृत शब्दांची ‘अद्भुत’ व्युत्पत्ती सांगणारी टिपणे आपल्याकडेही उदंड आहेत, आणि त्यांच्या आधाराने कोण मूळचा आणि कोण उपरा हे ठरवण्यापर्यंत लोकांची मजल जाते. स्तोत्रे रचणाऱ्या माणसांनी आपले दुःख, राग, आभार नेहमीच्या वापरातल्या शब्दांत मांडले, ऐकणाऱ्याला कळावेत म्हणून. त्यांच्या शब्दांना कोडी बनवणे म्हणजे त्यांचे बोलणे मध्येच तोडणे होय. त्यांना आधी पुरते बोलू द्या. आपले चिंतन त्यानंतर, आपल्या नावाने लिहा.

धागा समाप्त. प्रतिवाद असेल तर पुराव्यासह अवश्य मांडावा.